विकलेल्या नावाचे नूतनीकरण कोणी भरावे?

आडत शेतकऱ्याने द्यायची की खरेदीदाराने, हा वाद आळेफाट्याच्या बाजारात नवा नाही. जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि आडत विक्रेत्या शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले. त्या वेळी राज्यातील अनेक कांदा बाजारांत लिलाव बंद पडले होते, हे अनेक वाचकांच्या स्मरणात असेल. एकूण मालाच्या किमतीपुढे ती रक्कम लहान होती, तरीही ती कोणाच्या खात्यावर टाकावयाची यावर बाजार अडून राहिला. हमाली, तोलाई, वाराई यांचे तसेच आहे. प्रत्येक खर्चाला एक धनी असतो, आणि तो सौद्यापूर्वी ठरलेला नसेल तर सौद्यानंतर भांडणाला तोंड फुटते.

गेल्या काही वर्षांत व्यापारी कुटुंबांच्या मालमत्तेत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे इंटरनेटवरील नाव, ज्याला डोमेन म्हणतात. पेढीचे संकेतस्थळ, पेढीचा ई-मेल, परगावच्या ग्राहकाला पाठवावयाचा मालाचा तपशील हे सारे त्या एका नावावर उभे असते. ही नावे आता विकलीही जातात. सेडो, आफ्टरनिक यांसारखे ऑनलाइन बाजार त्यासाठीच आहेत. तेथे नाव यादीत लावावे, गिऱ्हाईक मिळाले की सौदा करावा आणि बाजाराची टक्केवारी वजा होऊन उरलेली रक्कम घ्यावी, असा क्रम असतो. वरवर पाहता हा व्यवहार सोपा वाटतो. परंतु या मालाचा एक स्वभाव कांद्याहूनही नाजूक आहे. कांदा वखारीत निदान सडत सडत जातो. डोमेन मात्र ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या घटकेला मुदतबाह्य होते.

याचे कारण असे की डोमेन कोणाच्याही कायम मालकीचे नसते. ते नोंदवून घेतले जाते, एका वेळी कमीत कमी एक वर्षासाठी आणि जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. ‘डॉट कॉम’ या शेवटाच्या नावांची मूळ नोंदवही व्हेरिसाइन ही अमेरिकन कंपनी सांभाळते. १ सप्टेंबर २०२४ पासून ती रजिस्ट्रार कंपन्यांकडून प्रत्येक नावामागे वर्षाला १० डॉलर २६ सेंट घेऊ लागली. रजिस्ट्रार त्यावर आपला नफा चढवितो आणि भारतातील ग्राहकाला १८ टक्के जीएसटी लागतो. ‘डॉट इन’ची नोंदवही २००५ पासून नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया या संस्थेकडे आहे. त्यापूर्वी ते काम मुंबईत जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीतून चाले. शेवट कोणताही असो, वर्षाचे शुल्क थांबले की नाव जाते. जमिनीचा सारा थकला तर नोटिसा येतात, दंड लागतो, पण जमीन जागेवर राहते. येथे तसे नाही.

मग विक्रीच्या व्यवहारात हे नूतनीकरण शुल्क कोणी भरावे?

या प्रश्नाचे एकच उत्तर नाही, कारण व्यवहाराच्या टप्प्यांप्रमाणे ते बदलते. पहिला टप्पा नाव नुसते यादीत असण्याचा. येथे शंकेला जागा नाही, शुल्क विक्रेत्याचे. ऑनलाइन बाजार हा दलाल आहे, वखारवाला नव्हे. नाव यादीत लावले म्हणजे ते बाजाराच्या ताब्यात गेले, आता तारखा तोच पाहील, असा समज अनेकांचा असतो आणि तो महाग पडतो. नाव मुदत संपून हातचे गेल्यानंतरही त्याची ‘विकणे आहे’ ही पाटी यादीत झळकत राहिल्याचे प्रकार घडतात. विक्री झाल्यावर कापली जाणारी टक्केवारी ही विक्रीच्या रकमेवरची दलाली असते. तिच्यात नूतनीकरण धरलेले नसते.

आपल्या समाजातील काही तरुण अशी नावे गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवतात, म्हणून येथे थोडा हिशेब मांडणे आवश्यक आहे. एका नावाचे कर धरून वर्षाला चौदाशे रुपये समजावेत. पंचवीस नावांचे पस्तीस हजार होतात. दहा वर्षांत साडेतीन लाख. त्यावरचे व्याज वेगळे. यातील एक नाव दोन लाखांना गेले तर घरात आनंद होतो, पण वही काढून पाहिल्यास तो तोट्याचाच व्यवहार असतो. न विकलेल्या चोवीस नावांचे शुल्क विकलेल्या एका नावाच्या खात्यावर टाकल्याशिवाय खरी किंमत कळत नाही. शिवाय काही नव्या शेवटांच्या नावांना ‘प्रीमियम’ ठरवून त्यांचे वार्षिक शुल्कही नेहमीपेक्षा कितीतरी पट ठेवलेले असते. असे नाव विकताना ही गोष्ट खरेदीदाराला आधी सांगणे हे विक्रेत्याचे काम आहे. न सांगता विकले तर एक सौदा होईल, दुसरा होणार नाही.

दुसरा टप्पा सौदा ठरल्यापासून नाव प्रत्यक्ष खरेदीदाराच्या खात्यात जाईपर्यंतचा. खरी अडचण येथेच येते, आणि ती समजण्यासाठी एक उदाहरण कल्पिणे सोयीचे होईल.

आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. (कल्याणकडून जुन्नरकडे येणारा जुना व्यापारी मार्ग नाणेघाटातून चढत असे. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखविला जातो. येणाऱ्या मालावर कोणी काय द्यावे हा प्रश्न या तालुक्यात तेवढा जुना आहे.) या चौफुलीवर दोन भावांची बियाणे व शेती-अवजारांची पेढी आहे अशी कल्पना करावी. भाऊ वेगळे होतात. धाकटा पुण्यास जातो आणि पेढीच्या जुन्या नावाचे ‘डॉट कॉम’ आता नको म्हणून ते ऑनलाइन बाजारात लावतो. नाशिकचा एक व्यापारी तीन लाख रुपये देऊ करतो. सौदा २० ऑक्टोबरला ठरतो. रक्कम त्रयस्थाकडे अनामत म्हणून जमा होते; तिला एस्क्रो म्हणतात. नाव २५ नोव्हेंबरपर्यंत हस्तांतरित व्हावयाचे आहे. नोंदणीची मुदत मात्र १५ नोव्हेंबरला संपते.

धाकटा भाऊ म्हणतो, ‘नाव विकले, पुढच्या वर्षाचे पैसे मी का भरू?’ नाशिकचा व्यापारी म्हणतो, ‘नाव अजून माझे झाले नाही, मी का भरू?’ दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर दिसते. १५ नोव्हेंबर उजाडतो आणि कोणीच भरलेले नसते.

त्यानंतर काय होते याचे नियम ठरलेले आहेत. ‘डॉट कॉम’सारख्या नावांसाठी मुदतीच्या सुमारे एक महिना आधी एक, आठवडाभर आधी दुसरी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत तिसरी सूचना रजिस्ट्रारने पाठविली पाहिजे, असा आयकॅन या जागतिक संस्थेचा २०१३ पासूनचा नियम आहे. सूचना जाते ती नोंदणीत लिहिलेल्या ई-मेलवर. तो ई-मेल संकेतस्थळ बनवून देणाऱ्या मुलाचा असेल, तर ती त्याच्याकडे जाते. मुदत संपली की संकेतस्थळ आणि ई-मेल बंद पडतात. त्यापुढे रजिस्ट्रार काही दिवस नेहमीच्या दराने नूतनीकरण करू देतो. किती दिवस, हे त्याच्या करारावर असते. ते दिवस टळले आणि नाव रद्द झाले, तर ३० दिवसांची सोडवणुकीची मुदत मिळते. या काळात नाव परत मिळते, पण नेहमीच्या शुल्कावर भारी दंड देऊन. मग पाच दिवसांनी ते जगाला मोकळे. अनेकदा तर तेथवर पोहोचण्यापूर्वीच रजिस्ट्रार ते लिलावात काढतो, आणि तेथे बोलीच्या रकमेखेरीज एका वर्षाचे नूतनीकरणही घेणाऱ्यालाच द्यावे लागते, अशी बऱ्याच ठिकाणची पद्धत आहे. तेव्हा तरी कोणी विचारत नाही की हे मी का भरू!

अशा पेचात कायद्याचा आधार शोधावयाचा तर जवळची वाट स्थावर मालमत्तेच्या कायद्यात सापडते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम असे सांगते की, विक्रीच्या तारखेपर्यंतचे सार्वजनिक कर व भाडे विक्रेत्याने द्यावे, आणि मालकी गेल्यानंतरचे खरेदीदाराने. दोघांनी वेगळे ठरविले नसेल तर. डोमेन ही स्थावर मालमत्ता नाही, त्यामुळे ते कलम येथे जसेच्या तसे लागू होत नाही. पण त्यामागील न्याय व्यापाऱ्याला पटण्यासारखा आहे. तो लावून वरील उदाहरणाचा हिशेब करावा. शुल्क १,२०० रुपये, जीएसटी २१६, एकूण १,४१६. नवे वर्ष १५ नोव्हेंबरला सुरू होते, नाव २५ नोव्हेंबरला जाते. म्हणजे दहा दिवस विक्रेत्याचे. त्यांचे होतात ३९ रुपये. उरलेले १,३७७ खरेदीदाराचे. तीन लाखांचा सौदा या रकमेवर अडला होता.

म्हणून व्यवहारातील रीत अशी असावी की मुदत येण्यापूर्वी विक्रेत्याने शुल्क भरून टाकावे आणि ते कोणाच्या खात्यावर जाईल हे सौद्यातच लिहून घ्यावे. भरणे आणि सोसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणी ज्याच्या खात्यात आहे त्यालाच सहजपणे भरता येते, म्हणून भरावे त्याने. खरेदीदाराने अनामत ठेवली आहे ती जिवंत नावासाठी. ते नाव देण्याची जबाबदारी हस्तांतरापर्यंत विक्रेत्याची आहे. लिहून घेतले नसेल तर १,४१६ रुपये विक्रेत्याने आपल्या नफ्यातून गेले असे समजावे आणि पुढे जावे. नंतर मागण्यात शोभा नाही, आणि मिळतीलच असेही नाही.

येथे एक तांत्रिक बारकावा आहे, तो लक्षात ठेवल्यास पैसा वाचतो. नाव हस्तांतरित करण्याच्या दोन वाटा आहेत. विक्रेता व खरेदीदार एकाच रजिस्ट्रारकडे असतील तर नाव एका खात्यातून दुसऱ्या खात्यात ढकलले जाते. मुदतीची तारीख बदलत नाही आणि उरलेले महिने खरेदीदाराला आपोआप मिळतात. रजिस्ट्रार बदलावयाचा असेल तर नवा रजिस्ट्रार एका वर्षाचे शुल्क घेतो, आणि ‘डॉट कॉम’च्या बाबतीत ते वर्ष चालू मुदतीत मिळविले जाते. हे शुल्क उघडच खरेदीदाराचे, कारण खाते त्याचे आणि वाढीव वर्षही त्याचे. नव्याने नोंदविलेले किंवा नुकतेच रजिस्ट्रार बदललेले नाव साधारणपणे ६० दिवस पुन्हा हलत नाही, हेही तारखा ठरविताना धरावे.

आता खाचखळगा असा. मुदतीपूर्वी स्वतःहून भरलेले वर्ष रजिस्ट्रार बदलल्यावरही टिकते. पण मुदत उलटून गेल्यावर नोंदवही आपोआप एक वर्ष पुढे सरकवते, आणि त्या ४५ दिवसांच्या आत नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे गेले तर ते आपोआप वाढलेले वर्ष रद्द होते. उरते फक्त हस्तांतराचे वर्ष. नोंदवहीकडून जुन्या रजिस्ट्रारला त्याचे पैसे परत मिळतात, परंतु त्याने ते ग्राहकाला परत द्यावेत याची हमी नसते. विक्रेत्याने १७ नोव्हेंबरला घाईघाईने शुल्क भरले आणि २५ तारखेला नाव गेले, तर त्याचे शुल्क वाया आणि खरेदीदाराच्या हातीही काही नाही. तेच ७ नोव्हेंबरला भरले असते तर ते वर्ष नावाबरोबर गेले असते. दहा दिवसांच्या फरकाने एकाच रकमेचे दोन निकाल.

‘आपोआप नूतनीकरण’ चालू ठेवले आहे, म्हणून काळजी नाही, असेही पुष्कळांना वाटते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून वारंवार होणाऱ्या कपातीसाठी ग्राहकाची रीतसर नोंदलेली संमती आणि कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना आवश्यक झाली. ठराविक मर्यादेवरील रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. ती मर्यादा आधी ५,००० रुपये होती, ती जून २०२२ मध्ये १५,००० झाली. नियम ग्राहकाच्या भल्याचा आहे. मात्र ज्या परदेशी कंपन्यांनी ही व्यवस्था केलेली नाही, त्यांची मागणी बँकेकडून परत जाते. कार्डाची मुदत संपली, कार्ड बदलले, तरी तेच. पडद्यावर ‘आपोआप’ असे लिहिलेले राहते आणि पैसे गेलेले नसतात. खात्यातून रक्कम वजा झालेली पाहणे हाच पुरावा धरावा.

शुल्क भरावयाचे राहणे हे लहान पेढ्यांचेच दुखणे आहे, असेही नाही. मायक्रोसॉफ्टने १९९७ च्या अखेरीस हॉटमेल विकत घेतले. त्याचे संस्थापक सबीर भाटिया हे काही काळ पुण्याच्या बिशप्स स्कूलचे विद्यार्थी होते. डिसेंबर १९९९ मध्ये नाताळच्या तोंडावर हॉटमेलच्या ग्राहकांना आत प्रवेश मिळेना, कारण त्यासाठी लागणाऱ्या ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या नावाचे ३५ डॉलर भरावयाचे राहून गेले होते. अखेर अमेरिकेतील एका प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डाने ते भरले आणि सेवा सुरू झाली. कंपनीने नंतर आभार मानून त्याला ५०० डॉलरचा धनादेश पाठविला.

तिसरा टप्पा हप्त्यांच्या विक्रीचा. मोठ्या किमतीची नावे हल्ली बारा, चोवीस, कधी साठ हप्त्यांतही विकली जातात. खरेदीदार पहिल्या हप्त्यापासून नाव वापरतो. मालकी शेवटच्या हप्त्यानंतर जाते. या काळात मुदतीची तारीख एकदा नव्हे, चार-पाच वेळाही येऊन जाते. बाजारागणिक नियम वेगळे आहेत, म्हणून हप्त्याचा करार करताना नूतनीकरणाचे कलम शोधून वाचणे अपरिहार्य आहे. कलम नसेल तर ते लिहून घ्यावे.

येथे वाहन कर्जाचे उदाहरण उपयोगी पडते. टेम्पो कर्जावर घेतला, बँकेचा बोजा नोंदविला गेला, तरी विम्याचा हप्ता वाहन चालविणाराच भरतो. त्याच न्यायाने नाव जो वापरतो, ज्याच्या पेढीला त्यावरून गिऱ्हाईक येते, त्याने नूतनीकरण सोसावे. पण कर्जदाराने विमा भरला नाही तर बँक हात बांधून बसत नाही. ती स्वतः विमा भरते आणि ती रक्कम कर्जखात्यावर नावे टाकते, कारण वाहन हे तिचे तारण असते. हप्त्यांवर नाव विकणाऱ्यानेही असेच वागावे. मुदतीच्या महिनाभर आधी शुल्क भरावे आणि पुढच्या हप्त्यात मिळवून घ्यावे. आणि खरेदीदाराने मध्येच हप्ते थांबविले तर? नाव विक्रेत्याकडे परत येते आणि दिलेले हप्ते बहुधा बुडतात. त्याने सोसलेले नूतनीकरणही परत मागता येणार नाही, हे करारात स्पष्ट असावे. मागणी आली की नाही म्हणणे दोघांनाही जड जाते.

नावाची किंमत किती आणि ते कोणाच्या हाती असावे याबद्दलचा सर्वांच्या डोळ्यांपुढचा प्रसंग ऑक्टोबर २०२४ चा. दिल्लीच्या एका तरुणाने रिलायन्स व हॉटस्टार एकत्र येतील या अंदाजाने ‘जिओहॉटस्टार डॉट कॉम’ हे नाव आधीच नोंदवून ठेवले होते. त्याने केंब्रिजमधील आपल्या शिक्षणाचा खर्च मागितला. कंपनीने नकार दिला. पुढे ते नाव दुबईतील दोन लहान भावंडांकडे गेले आणि त्यांनी ते कंपनीला विनामूल्य देऊ केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार ही सेवा सुरू झाली. दुसऱ्याच्या व्यापारी नावावर डोळा ठेवून नोंदणी करणाऱ्याने मात्र शुल्क कितीही वर्षे भरले तरी हक्क निर्माण होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ‘रेडिफ’शी मिळत्याजुळत्या ‘रॅडिफ’ या नावाविरुद्ध मनाई दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेनला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळते हे मान्य केले. शुल्काची पावती म्हणजे मालकीचा दाखला नव्हे.

आळेफाटा, नारायणगाव, ओतूर, मंचर या पट्ट्यातील पेढ्यांपुढचा निकडीचा प्रश्न याहून साधा आहे. पेढीचे नाव नेमके कोणाच्या नावाने नोंदलेले आहे? संकेतस्थळ करून देणाऱ्याने ते स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ई-मेलवर घेतले असेल, तर विकण्याचा आणि नूतनीकरणाचा दोन्ही प्रश्न त्याच्या हाती आहेत. तो गाव सोडून गेला की पेढीला सूचनाही मिळत नाही. नोंदणी पेढीच्या किंवा मालकाच्या नावे करून घ्यावी, ई-मेल घरातला द्यावा, आणि बिलावर पेढीचा जीएसटी क्रमांक घालून घ्यावा, म्हणजे नोंदणीकृत पेढीला कराची वजावट घेता येते. भाऊ-भाऊ वेगळे होताना वाटणीपत्रात दुकान, गाळा, येणी यांबरोबर हे नावही लिहावे. ते कोणाकडे जाते आणि चालू वर्षाचे शुल्क कोणी भरले आहे, दोन्ही. लक्ष्मीपूजनाला नवी वही उघडली की पहिल्या पानावर विम्याच्या आणि भाडेकराराच्या तारखांखाली डोमेनच्या मुदतीची तारीख लिहिण्यास एक ओळ पुरते.